जावईबापूंच्या पिंपाला लावलेली कणीक

आमच्या घरात बियरचा स्फोट झाला तो कणकेमुळं. कणीक मी लावलेली.

तुम्ही म्हणाल, ह्या वयात म्हातारी बियरच्या नादी कशी लागली? मी नाही हो, जावईबापू! माझा नवरा दारूपायी गेला. खोपटला भाड्याच्या खोलीत लोकांची लोणची घालून मी पोरगी वाढवली. पुढं ती खोली पण गेली. तेव्हा जावईबापू, निलेश, टेम्पो घेऊन आले नि म्हणाले, "आई, सामान भरा. बाळकुमला आमच्याकडे चला." तेव्हापासून इथंच आहे. पण मुलीच्या घरात अंग चोरूनच राहते मी. हे छप्पर गेलं तर दुसरं नाही, हे मला ठाऊक.

एक दिवस ते मोठं पांढरं पिंप घेऊन माझ्या खोलीत आले.

"आई, हीच खोली गार आहे. घरी बियर करून बघतोय. थोडीशीच."

बियर म्हणजे दारूच की हो! माझी लेक शुभा म्हणाली, "अगं आई, महिन्यातून एक ग्लास पितात. तेवढ्यानं पण झोप लागते त्यांना!"

घर त्यांचं. मी माझं अंथरूण सरकवून पिंपाला जागा केली.

मग त्यांनी मोड आणून वाळवलेला सातू गरम पाण्यात भिजवला, गाळला, ते पाणी उकळलं, त्यात कसलीशी कडू फुलं टाकली. (वास असा, की घरात म्हैस बांधलीय!) निवल्यावर यीस्ट घालून पिंपात भरलं. झाकणाला एक वाकडी नळी, तिच्यात पाणी.

"आई, भोवतीचं फडकं तेवढं ओलं ठेवा. झाकण उघडू नका हां. हवा लागली तर सगळं फुकट."

हवा? अहो, माझा जन्म बरण्यांची तोंडं बांधण्यात गेला! दुसऱ्या दिवशी बघते तर नळीतून बुडबुड, बुडबुड. म्हटलं, शिरली हवा! जावयानं पहिल्यांदा काही काम सांगितलं, ते पण नासवू? कणीक मळली, नळीचं तोंड लिंपलं, झाकणाची कड लिंपली. वरून जुन्या परकराची नाडी आवळली. बुडबुड बंद! (काय ती ऐट माझी!)

संध्याकाळी कल्याणहून विहीणबाई आल्या, निलेशच्या आई. सुपारीसुद्धा न खाणाऱ्या. माझं इथं राहणं त्यांना आधीपासूनच खुपायचं. बसल्या त्या नेमक्या पिंपाला टेकून.

"पोराच्या घरात सासू कायमची? बरं दिसतं का, विहीणबाई? गावाला तुमचं कुणीतरी असेलच की..."

धडाम!

नाडी तुटली, झाकण पंख्यावर, फेस विहीणबाईंच्या अंबाड्यापासून जोडव्यांपर्यंत! कणकेचा तुकडा कपाळावर, कुंकवाच्या बरोब्बर वर.

निलेश धावत आले. विहीणबाईंनी पदर हुंगला.

"अरे, ही तर दारू! कुणाची?"

जावईबापूंचा चेहरा पडला. मी मनात म्हटलं, आपलं छप्पर तर गेलंच. निदान त्यांची अब्रू तरी राहू दे.

"माझी," मी म्हणाले.

"आई!" शुभा किंचाळली.

"नाही मम्मी, माझी आहे," निलेश म्हणाले. "मीच केली. आई फक्त सांभाळत होत्या."

विहीणबाईंचे डोळे भरून आले. "बघा, सासूला वाचवायला खोटं बोलतोय! केवढं गुणाचं लेकरू माझं! पण ह्यांना आधी गावाला पाठव हां!"

"आई कुठं जाणार नाहीत," निलेश म्हणाले. आवाजसुद्धा चढवला नाही. "हे त्यांचं पण घर आहे." आणि फडकं घेऊन फरशी पुसायला बसले. मी पण बसले.

"आई, ती हवा आत नव्हती शिरत," ते हळूच म्हणाले. "आतली बाहेर येत होती. कोंडली की फुटणारच."

नवरा गेला तेव्हा मी रडले नव्हते. बियर पुसता पुसता रडले. (विहीणबाईंना वाटलं, चढली!)

आता कल्याणला कुठलंही कार्य असो, विहीणबाई मला जवळ बसवतात, माझ्या पुढ्यातलं ताक आधी स्वतः हुंगतात, मगच देतात. मी मुकाट्यानं पिते. छप्पर राहिलं ना डोक्यावर? मग बेवडी तर बेवडी!