फक्त वरून खाली

ड्रमच्या मागे बसलं की गर्दी दिसत नाही, दोन गिटारवाल्यांचे हात तेवढे दिसतात. आमच्या नंदनवन वस्तीतल्या हेवी मेटल बँडमध्ये रजतच्या बोटांना भिंगरी लागलेली. एकच सोलो दोनदा सारखा वाजवेल तर शपथ. अश्विनचं उलट. तो मागची जड रिफ, म्हणजे गाणंभर फिरत राहणारी तीच ती धून, वाजवतो आणि तारेवर प्रत्येक फटका वरून खालीच मारतो. मधला एक खालून वर मारला तर निम्मे कष्ट वाचतील, पण आवाज पोचट होतो म्हणे. हट्टी कुठला. तरी खरं सांगते, आम्ही सगळे त्याच्याच भरवशावर वाजवतो.

अश्विन उमरेडचा, विणकराघरचा. दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. एकदा कूलर बंद करून आमची प्रॅक्टिस चालली होती, तेव्हा त्याचं मनगट आखडलेलं मी पाहिलं. रजत पाणी प्यायला गेल्यावर तो म्हणाला, "हिमानी, कोणाले सांगू नको वं. बापूजींचा हात असाच मागावर आखडला होता. मंग सुटलाच नाही. मले लय भेव लागून राहिलं."

"मंग खालून वर मार ना गा."

"मंग मी कायले पाहिजे?"

त्या दिवसापासून त्याची भीती मलाही चिकटली. कार्यक्रमाच्या दिवशी मी त्याच्या मनगटाकडेच बघत होते. शेवटचं गाणं सगळ्यात लांब आणि सगळ्यात वेगवान. रजतचा सोलो सुरू झाला आणि अश्विनचा हात थांबला. बोटं वळली, तारा छेडायचं पिक खाली पडलं. माझा ड्रमवरचा ठोका चुकला. आता सगळं कोसळणार.

रजतने मागे वळून पाहिलं. आपला लाडका सोलो त्याने अर्ध्यावर सोडला आणि अश्विनची रिफ धरली. सगळे फटके वरून खाली. अश्विन तारांवर हात ठेवून नुसता उभा होता. समोरची पोरं डोकी हलवतच होती, कोणाला काही कळलं नाही.

स्टेजमागे अश्विन भिंतीला टेकून बसला. "तुले जमते सगळं. आता मी नसलो तरी चालते," तो म्हणाला.

रजतने आपला उजवा हात त्याच्यापुढे धरला. त्याचीही बोटं वळली होती. "अर्ध्या गाण्यात हे झालं बे. तू नसला त मी सोलो कोणाच्या भरवशावर वाजवू? उद्या डॉक्टरकडे चाल. मले बी भेव लागून राहिलं."

दोघांच्याही गिटारच्या बॅगांच्या चेन त्या दिवशी मलाच लावाव्या लागल्या.