मीटर पळत नव्हता

आमच्या घरात विजेला कधी कुणी वीज म्हटलं नाही. लाईट गेली, लाईट आली, लाईटबिल भरलं, आणि जी वस्तू जास्त वीज ओढते ती लाईट खाते. इस्त्री लाईट खाते, गिझर तर अधाशीच. बाबा गेल्यावर कांजूरमार्गच्या घरात आम्ही दोघीच उरलो, तेव्हापासून जाता-येता बटणं बंद करत फिरणं हे आईचं कामच झालं.

मग तिच्या फुप्फुसांनी दगा दिला आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडणारं, गुडघ्याएवढं, सतत घरघरणारं. दिवसाचे निदान पंधरा तास लागायलाच हवं, नाहीतर हृदय थकेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि निकाल दिला, "ह्या लय लाईट खातला गो."

मला अशा वेळी चटकन राग येतो, आणि राग आला की मी शिकवायला लागते. मशीनच्या पाठीवर साडेतीनशे वॅट लिहिलेलं होतं. तिला म्हटलं, "हे बघ, वॅट म्हणजे नळाची धार, आणि युनिट म्हणजे पिंपात साठलेलं पाणी. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट. आपला गिझर दोन हजारचा, तो अर्ध्या तासात एक युनिट संपवतो. तेवढंच युनिट संपवायला ह्या मशीनला तीन तास लागतात."

तिने जरा विचार केला. "पण बारीक धार दिसभर सोडली तर पिंप भरताच मां?"

प्रश्न अगदी बरोबर होता. शाळेत हा धडा मी पाठ करून पास झाले होते, ती तो पहाटेचं पाणी भरता भरता शिकली होती. "भरतं," मी म्हटलं. "भरू दे. तू फक्त नळी काढू नकोस."

तिची खात्री पटावी म्हणून मी जिन्याखालच्या मीटरचा आकडा बघायला लागले. सकाळी अंधेरीला कामावर निघताना एकदा, परतल्यावर एकदा. मशीन दिवसभर चाललं तर माझ्या गणिताने आकडा तीनच्या वर वाढायला हवा होता, फ्रिज आणि पंखा वेगळा. प्रत्यक्षात आकडा जेमतेम एकने सरकलेला. दुसऱ्या दिवशीही तेच. मीटर पळतच नव्हता! मी खूश झाले. बघ, तुझं मशीन काहीच खात नाही, असं तिला ऐकवायचं ठरवून जिना चढायला लागले.

अर्ध्या जिन्यात माझे पाय थांबले. साडेतीनशे वॅटचं यंत्र चाललं असेल तर तेवढी वीज घेणारच. आकडा वाढत नाही याचा अर्थ एकच होता, मी घराबाहेर पडले की मशीन बंद होत होतं. उरलेल्या पायऱ्या मी धावत चढले.

दार उघडंच होतं. आई ओट्यापाशी उभी राहून भाकरी उलटत होती. नळी गुंडाळून मशीनवर ठेवलेली, आणि तिचे ओठ जांभळट पडलेले. मी ओरडले, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकी ओरडले. "लाईटबिल मी भरते ना गं? चार युनिटांपायी जीव देणार आहेस का?"

तिने गॅस बंद केला. स्टुलावर बसून बराच वेळ दम खाल्ला. मग म्हणाली, "लाईटीचा नाय गो ता. तूच सांगितलंस मां, मशीन चालू असताना गॅस पेटवूचो नाय म्हणान. मगे तू दमान येतलंस तेव्हा तुका गरम भाकरी कोण देतलो?"

सांगितलं मीच होतं. ऑक्सिजनजवळ ज्योत नको, आणि आमच्याकडे खोली आणि ओटा यांच्यामध्ये भिंतसुद्धा नाही. तिला आता उभ्याने काम होत नसे. दोन भाकऱ्या थापून बसायची, आमटी फोडणीला टाकून पुन्हा बसायची. तासाभराचा स्वयंपाक दिवसभर चालायचा आणि तेवढा वेळ मशीन बंद; एरवी मी यायच्या आत ती पुन्हा नळी लावून बसायची. मला तिचा राग आला, आणि रोज हातपाय धुऊन ताटावर बसणाऱ्या माझ्या भुकेचीही लाज वाटली.

"उद्यापासून सकाळी मी करून जाईन," मी म्हटलं. "संध्याकाळी थंड खाईन. मला चालतं."

तिने तव्यावरची भाकरी काढून माझ्या ताटात वाढली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीटर हवा तेवढा पळाला होता. आई नाकात नळी लावून खाटेवर बसलेली, ओठांना रंग आलेला. मी तिच्यासमोर बसून गार भात आमटीत कालवला आणि छान लागतोय म्हटलं. तिने माझ्या ताटाकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही, नुसती श्वास घेत राहिली.