पाहुण्यांचा माठ

घर घ्यायला निघालेली नवी जोडपी माझ्याकडे येतात आणि विचारतात, मावशी, काय काय बघावं? बहुतेकांच्या हातात वही असते. दाराची दिशा, भिंतींची जाडी, शेजार कसा, बसस्टँड किती लांब. मी वही चाळते आणि मनात म्हणते, झालं, हेही फसणार. घर बघायला गेलेला शहाणा माणूस आधी स्वतःची अक्कल दाखवायला बघतो आणि घर बघायचं राहून जातं. मी असे तीन शहाणे जवळून पाहिलेत. त्यातल्या एकाशी तर माझं लग्नच झालं होतं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांची बदली घाटाखाली झाली, संग्रामपूर तालुक्यात, वरवट बकालपासून दोन कोसांवरच्या एका गावात. आम्ही दोघंही घाटावरचे. माझं माहेर लोणारचं, सासर तिथून जवळच. घाटावर पाणी गोड, पण ते असेल तेव्हा. होळी झाली की विहिरी तळ दाखवायला लागतात आणि बायका घागरी घेऊन वणवण फिरतात. त्यामुळे अंगणात स्वतःची विहीर, तीही उन्हाळ्यात न आटणारी, यापुढे आमच्याकडच्या माणसाची कल्पनाच जात नसे. विहिरीचं पाणी खारट असू शकतं, हे माझ्या सासरच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नसेल.

मी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी होते. लेक झाली होती. बदलीचा कागद आला, आणि हे गावात रुजू व्हायच्या आधीच माझ्या भासऱ्यांना, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाला, तिथलं एक घर विकायला असल्याचं कळलं. स्वस्तात मिळत होतं. स्वस्त का, हे विचारायचं राहिलं. मास्तरानं बदलीच्या गावी घर घ्यावं का, हेही राहिलं. माझ्या बापानं लग्नात हातांत घातलेले सोन्याचे गोठ मोडून घर घ्यायचं ठरलं आणि तसं पत्र मला आलं. विचारायला नव्हे, कळवायला.

गोठांचं मला वाईट वाटलं, पण फार नाही. लेकीला घेऊन जाईन ते घर आपलं असावं, ही हौस मलाही होतीच. मी उलट टपाली कार्ड टाकलं. त्यावर एवढंच लिहिलं की घर लहान असलं तरी चालेल, जुनं असलं तरी चालेल, पाणी तेवढं पिऊन बघा. लोणारची पोर मी. खाली खड्ड्यात तळंभर खारं पाणी आणि प्यायला धारेचं, म्हणजे वरच्या गोड झऱ्याचं, आणायचं, यातच वाढलेली. नुसतं भरपूर पाणी दिसलं म्हणून मी भुलणारी नव्हते.

तर घर बघायला तिघं गेले. आमचे हे, भासरे, आणि माझे मामेसासरे. मामेसासरे जागेतले मोठे जाणकार. खिशात सुतळी घेऊनच फिरायचे. त्यांनी काय काय केलं ते ह्यांनी मला नंतर इतक्यांदा सांगितलं की मी तिथे असते तर कमी कळलं असतं. त्यांनी सुतळीनं पुढची बाजू मापली, मग मागची मापली. पुढून अरुंद, मागून रुंद, म्हणजे जागा गोमुखी, शुभ. एकमेकांकडे बघून माना डोलावल्या. मग दाराच्या चौकटीवर बोटांनी ठोकून बघितलं. सागवान. मग मामेसासऱ्यांनी तोंड वर करून आढं न्याहाळलं. आणि शेवटी विहीर. विहीर नेमकी ईशान्येला. झालं, तिघांनाही तिथेच लक्ष्मी दिसली.

भासऱ्यांनी विहिरीत खडा टाकला. डुब्ब आवाज आला. ते म्हणाले, भरपूर आहे. मग त्यांनी घरमालकाला, एका म्हाताऱ्या माणसाला, घाटावरचा प्रश्न विचारला. उन्हाळ्यात आटते का? म्हातारा म्हणाला, "नाही जी. ह्या विहिरीनं कधी तळ दाखोला नाही." खरं बोलला बिचारा. जिचं पाणी कुणी पीत नाही ती विहीर आटेल कशाला?

आणि पाणी? तेही प्यायले की. त्याची म्हातारी आतून लखलखीत पेले घेऊन आली, पाणी गार होतं, गोड होतं. ह्यांनी दोन पेले रिचवले. लोणारला आले तेव्हा मला म्हणाले, "तुझं कार्ड लक्षात होतं माझ्या. पाणी मी स्वतः पिलो. एकदम गोड." किती कौतुक वाटलं मला त्या माणसाचं. आठवलं की अजून माझाच मला राग येतो.

लेक तीन महिन्यांची झाल्यावर मी त्या घरात पाऊल टाकलं. तोवर घराला कुलूपच होतं, हे शाळेत झोपायचे आणि गावात पाहुण्यासारखे जेवायचे. लोणारहून एसटीनं खामगाव, तिथून दुसऱ्या एसटीनं संग्रामपूर, पुढे बैलगाडी. उतरल्या उतरल्या आधी विहिरीकडे गेले, कारण पोरीला आंघोळ घालायची होती. विहिरीच्या काठावर पांढरा थर चढलेला होता. भिंतीच्या पायथ्यालाही तोच पांढरा पापुद्रा. पोहरा टाकला, बादली भरली, साबण चोळला. फेस येईना. साबणाच्या नुसत्या गुठळ्या हाताला चिकटल्या. मी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं.

शेजारची बाई भिंतीवरून बघत होती. म्हणाली, "ओ बाई, ते पानी लेकराले नोका पाजू. ते भांड्याधुन्याचं हाये."

"का हो?"

"खारं हाये ना जी. या पट्ट्यात साऱ्याच विहिरी खाऱ्या. प्याचं पानी नदीतल्या झिऱ्यावरून आनतो आमी." मग जरा थांबून तिनं विचारलं, "तुमची मानसं तं पाहून गेली होती ना?"

हो बाई, तीन माणसं पाहून गेली होती. सुतळी घेऊन.

संध्याकाळी हे शाळेतून आले तेव्हा चुलीवर तूरडाळ होती. दुपारपासून शिजत होती. वरणाऐवजी पिवळ्या पाण्यात आख्खे दाणे फिरत होते. मी विचारलं, तुम्ही पाणी पिलात ना? म्हणाले, हो, दोन पेले. कुठलं? म्हणाले, त्यांनी दिलं ते. तुमच्यासमोर विहिरीतून काढलं? तर मलाच समजावायला लागले, "समोर कशाला काढतील? पाहुण्यासमोर कुणी रहाट ओढत बसतं का?"

ह्यांना तोवर ठाऊक नव्हतं, ते मला दुसऱ्या दिवशी शेजारणीनं सांगितलं. त्या गावात प्रत्येक घरी दोन माठ. एक घरच्यांचा, दुसरा पाहुण्यांचा. पाहुण्यांचा माठ ओसरीवर, वर पितळी झाकण, त्यात फक्त झिऱ्याचं पाणी. घरच्यांना कमी पडलं तर त्यांनी खारं मिसळून प्यावं, पण पाहुण्याला खारं पाणी देणं म्हणजे त्याचा अपमान. म्हातारीनं फसवलं म्हणायची सोय नव्हती. तिनं रीत पाळली होती. आमच्या तीन दीडशहाण्यांपैकी एकानं पोहरा उचलून विहिरीत टाकला असता, ओंजळ तोंडाला लावली असती, तर माझे गोठ माझ्या हातात राहिले असते. पण पोहरा उचलणं बायकांचं काम. जाणकारांनी खडा टाकावा.

झिरा म्हणजे नदीच्या वाळूत खणलेला खड्डा. त्यात पाणी पाझरतं, ते वाटीनं भरून घागरीत ओतायचं. एक घागर भरेपर्यंत बसून राहायचं, मग डोक्यावर घेऊन यायचं. पहाटे एक खेप, दुपारी एक. लेक आधी कडेवर, मग बोटाला धरून. पावसाळ्यात नदीला पूर आला की झिरे बुडायचे आणि विहिरीचंच पाणी प्यायला लागायचं. माझी कंबर धरली. मी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, चालल्यानं व्यायाम होतो. स्वतः मात्र शाळेतून आल्यावर तांब्याकडे नुसतं बोट दाखवायचे.

मग एकदा भासरे आले. मी इतके दिवस बोलायचं ठरवून ठेवलं होतं. ते ओसरीवर बसले, मी आतून पेला आणला आणि त्यांच्यासाठी पाणी भरलं. कुठल्या माठातलं? पाहुण्यांच्या. हात आपोआप तिकडे गेला. तोवर मीही त्या गावची झाले होते, आणि पाहुण्याला खारं दिलं असतं तर शेजारणीनं गावभर केलं असतं. भासऱ्यांनी पेला रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "पाण्याची तक्रार करत होती म्हणे तू. चांगलं तर आहे." मी काय बोलणार? कप्पाळ.

अशी पाच वर्षं काढली. मग ह्यांना मुतखडा झाला. दोन दिवस जमिनीवर गडाबडा लोळले, तालुक्याच्या डॉक्टरनं सांगितलं, पाणी बदला. झालं, पंधरा दिवसांत घर विकायचं ठरलं. माझी कंबर पाच वर्षं दुखत होती तेव्हा जे पाणी व्यायामाचं होतं ते आता विष झालं. हे अर्ज करून घाटावर बदली घेणार होते. पण घर विकल्याशिवाय तिकडे एक खोलीही घेता येणार नव्हती, कारण होतं नव्हतं ते सगळं त्या भिंतींत गेलेलं. गावातलं कुणी ते घर घेईना. गावच्यांना विहीर ठाऊक होती.

सात-आठ महिने कुणी फिरकलं नाही. आणि मग एक दिवस बैलगाडी दारात थांबली. बोलण्यावरून कळलं, घाटावरची माणसं. नवरा कुठल्याशा खात्यात कारकून, बरोबर त्याचे वडील आणि एक काका. काकांनी खिशातून सुतळी काढली. मला हसू आलं, ते मी पदरात दाबलं. फरक एवढाच की त्यांनी त्या कारकुनाच्या बायकोलाही आणलं होतं. विशीची पोर, दिवस गेलेले, सहावा-सातवा महिना असेल. ती गाडीतून उतरली आणि सरळ विहिरीकडे गेली.

पुरुष मंडळी ओसरीवर बसली. मी पेले भरले. कुठल्या माठातलं भरते आहे ते मला ठाऊक होतं, या वेळी हात आपोआप गेला नव्हता. तिघांनी पाणी पिलं. काका म्हणाले, वा. मग त्यांनी विचारलं, उन्हाळ्यात आटते का? हे म्हणाले, "आजवर तळ दिसला नाही." म्हाताऱ्याचंच वाक्य.

तेवढ्यात मागून रहाटाचा आवाज आला. त्या पोरीनं स्वतः पोहरा काढला होता. मी मागच्या दारात गेले तेव्हा ती ओंजळीतून पीत होती. तोंड वाकडं झालं, थुंकली नाही, गिळलं तिनं. माझ्याकडे बघितलं, काठावरच्या पांढऱ्या थराकडे बघितलं, मग पदराला हात पुसत नवऱ्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "अहो, पाणी खारट आहे."

"मी आत्ताच पिलो ना," तो म्हणाला. "गोड आहे. तुला प्रवासाचा शीण आलाय."

"विहिरीचं पिलात का?"

तो वैतागला. वडिलांसमोर बायको उलटून बोलली होती. त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "काय हो वहिनी, पाणी चांगलं आहे ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे खाली बघत होते. ती पोर मात्र सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती, पोटावर एक हात ठेवून. माझी लेक ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती, पाच वर्षांची, झिऱ्याच्या वाटेनं काळी पडलेली. मी म्हणाले, "तुम्ही पिलात की आत्ता."

"ऐक," तो बायकोला म्हणाला.

त्या तिघांना आणि आधीच्या तिघांना मी आयुष्यभर मूर्ख म्हणत आले. मूर्खच होते ते. पण त्यांना माहीत नव्हतं, आणि मला सगळं माहीत होतं. पहिल्या घराला निघालेल्या पोरींना मी आता सांगते की पोहरा स्वतः टाका, पाणी स्वतः प्या, आणि त्याच पाण्यात घरून नेलेली मूठभर डाळ शिजवून बघा. एवढं सांगून गप्प बसते. त्या पोरीनं यातलं पोहऱ्याचं काम न सांगता केलं होतं, आणि तरी तिला ते घर घ्यावंच लागलं, हे मी कुणाला सांगत नाही.

पुढच्या महिन्यात ती मंडळी सामान घेऊन आली आणि आमचं सामान गाडीत चढलं. पाहुण्यांचा माठ मी मागे ठेवला, पितळी झाकणासकट. पहाटे झिऱ्यावर जाऊन तो भरून आणला होता. तिला म्हणाले, हा राहू दे तुला. तिनं माठाकडे बघितलं, मग दोन्ही हातांनी उचलला आणि ओसरीवरून आत, स्वतःच्या चुलीपाशी नेऊन ठेवला.