उसना अंगठा

लालबागला पंखे, मोटारी वाइंडिंग करून देणारे एक गृहस्थ बसायचे. त्यांच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. माझ्या टेबलफॅनची जळलेली कॉइल बदलता बदलता ते म्हणाले, "उजवा हात द्या जरा."

त्यांनी माझी बोटं करंट जातो त्या दिशेने कॉइलभोवती वळवली. अंगठा आपोआप ताठ झाला. तो ज्या टोकाकडे होता, तिथे त्यांनी खडूने 'उ' लिहिलं. हा उत्तर ध्रुव. शेजारच्या कॉइलचा दक्षिण हवा. दोन्ही सारखे आले की पंखा फिरत नाही, नुसता घुं करतो.

"डाव्या हाताने नाही जमत?"

"डाव्याने उलटं येतं. अंगठा गेल्यावर सुरुवातीला नव्या कॉइली डाव्याने बघितल्या, जुन्यांच्या खुणा उजव्याच्या. घुं करणारे पंखे परत यायला लागले."

"मग अंगठा मनातच धरायचा."

"मनातला कुठंही वळतो हो."

पंखा आणायला गेलो तेव्हा एक बाई पिशवी डाव्या हातात धरून, उजवी बोटं एका कॉइलभोवती वळवून, अंगठा ताठ करून उभ्या होत्या. गृहस्थांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. हाताकडे पाहिलं, आणि माझाच पंखा काढून दिला.