हा इसम कोण?

आलापल्लीला चांद्याच्या मोटारीची वाट पाहत तो पोलीस शिपायाशेजारी बसला होता. वय विशीच्या आत, हातांत बेड्या. केसांचा कोंबडा विस्कटला की दोन्ही हात एकदम उचलून तो सारखा करी. काडेपेटी दिली नाही म्हणून त्याने मोहफुले वेचणाऱ्या एका म्हाताऱ्याला कुऱ्हाडीने ठार केले होते.

मी बातमीदार आहे हे कळताच तो उसळला.

"मारलं मी, भाऊ. पेपरात 'इसमाने मारले' काऊन छापलं? हा इसम कोन होय?"

"म्हातारा मेला बे, त्याचं काई नाई?" शिपाई म्हणाला.

"त्याचं तर नाव आलं ना पेपरात!"

मी दुरुस्ती छापायचे कबूल केले. पुढच्या अंकात छापले : 'सदर इसमाने गुन्हा कबूल केला आहे.'