आमचे साइज-सेम सर

सरांना चुका सापडत नसत असं नाही. दिवसाला चार तरी सापडायच्या, पण सगळ्या दुसऱ्यांच्या. चहा गोड झाला तर चहावाल्याची, स्कूटर बंद पडली तर पेट्रोलची, पाय घसरला तर फरशीची. सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली, आणि त्यातली निदान तीन वर्षं ती फरशी मीच होते.

आडनाव जाधव. घर गंगापूरकडचं, शेतात ऊस, आणि नोकरी औरंगपुऱ्यात, एका संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात. संस्था गावोगाव डोळ्यांची शिबिरं घ्यायची आणि साखरेचा आजार असलेल्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो काढायची. कॅमेऱ्याला तळहाताएवढा एक कॉम्प्युटर जोडलेला असे. फोटो त्याच्या मेमरी कार्डवर उतरायचे, शिबिर संपलं की हार्ड डिस्कवर कॉपी व्हायचे आणि डिस्क शहरातल्या डॉक्टरांकडे जायची. कोणाला ताबडतोब बोलवायचं आणि कोण थांबू शकतं, हे डॉक्टर त्या फोटोंवरून ठरवायचे. ही यंत्रं सांभाळायचे सर, आणि सरांना सांभाळायचो मी आणि गजानन.

कॉपी झाली की सर चष्मा कपाळावर ढकलून स्क्रीनला नाक लावायचे. कार्डावरच्या फाइलचा आकार बघायचे, डिस्कवरच्या फाइलचा बघायचे आणि निकाल द्यायचे, "साइज सेम हाय. म्हणजे फाइल सेम. पुसा कार्ड." एकदा गजानन म्हणाला, "सर, दोन पोत्यांचं वजन सारखं असलं तरी एकात माती असू शकते." सर म्हणाले, "मग तू पोतीच उचल. कॉम्प्युटरला हात लावू नको." त्या दिवसापासून आमच्यात त्यांचं नाव साइज-सेम सर पडलं.

तरीही अधूनमधून एखादा फोटो डॉक्टरांकडे बिघडून पोचायचा. अर्धा डोळा नीट, खाली सगळं करडं. सरांचे उपाय ठरलेले होते. आधी कार्डाला शिक्षा. जुनं कार्ड ते नेलकटरने कुरतडून टाकायचे, परत कुणाला दगा द्यायला नको म्हणून. मग व्हायरस. त्या बिचाऱ्या कॉम्प्युटरने जन्मात इंटरनेट पाहिलं नव्हतं, पण व्हायरस होताच. मग गावची लाइट. आणि शेवटी मी. "शबाना, पोरी, तुझा हात गरम हाय. कार्ड तापतंय." हे घरी सांगितलं तर अम्मीने माझा हात चाचपून पाहिला आणि म्हणाली, "बुखार तो नहीं है."

आणि सरांचा मोठा पराक्रम म्हणजे पिशवी. पूर्वी हार्ड डिस्कला वेगळा अडॅप्टर असायचा, त्याच्यासाठी वेगळा बोर्ड, वेगळी वायर. सरांनी तो सगळा पसारा काढून टाकला आणि कॉम्प्युटर व डिस्क दोन्ही एकाच मोबाइल चार्जरवर चालवून दाखवले. "पिशवी निम्मी हलकी केली मी. शिकलेल्या इंजिनियरला जमलं नाय ते." अध्यक्षांनी कौतुकाचं पत्र दिलं. ते सरांनी टेबलाच्या काचेखाली असं ठेवलं की समोर बसणाऱ्याला सरळ वाचता यावं. स्वतः ते उलटं वाचायचे.

एवढं सगळं असून शिबिरात हा माणूस वेगळाच व्हायचा. म्हाताऱ्या माणसांची हनुवटी कॅमेऱ्यावर नीट टेकत नसे, तेव्हा ती धरायला सर स्वतः बसायचे. गुडघे दुखत असले तरी पाच-पाच तास. "आजी, हलायचं नाय. कापूस वेचताना वाकता ना, तसं वाका." आम्हाला ओरडणारा आवाज तिथे कुठे जायचा कोण जाणे. मला सर आवडायचे ते तेवढे पाच तास.

डिस्क फिरायला लागली की कॉम्प्युटरवरचा लाल दिवा क्षणभर विझतो, हे माझ्या लक्षात आलं होतं. म्हणजे त्या एका चार्जरची वीज दोघांना पुरत नव्हती, आणि वीज कमी पडली की लिहिता लिहिता भलतंच लिहिलं जातं. सरांना म्हटलं, तर म्हणाले, "दिवा कशाला बघती? साइज बघ." मग एके दुपारी ते रजेवर असताना मी परीक्षाच घेतली. फाइलचा ठसा काढणारी एक सोय असते, आपल्या अंगठ्याचा असतो तसा. आत एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. शंभर फोटो सरांच्या एका चार्जरवर कॉपी केले, तेच शंभर जुन्या अडॅप्टरवर. अडॅप्टरवर सगळे ठसे जुळले. सरांच्या चार्जरवर सात जुळेनात. साइज मात्र सातही फाइलींची सेम.

मी दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. अध्यक्षांसमोर बैठक होणार होती, आणि मला सरांची जिरवायची होती, तीही चारचौघांत. गजाननला तेवढं सांगितलं. सरांचं तोंड कसं होईल याची नक्कल त्याने चहाच्या टपरीवर केली तेव्हा हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बैठक दोनदा पुढे ढकलली गेली. मध्ये पाचोडचं शिबिर होऊन गेलं.

पाचोडला मुनीराबी म्हणून ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून आल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे फोटो डॉक्टरांकडे अर्धे करडे पोचले. डॉक्टरांची चिठ्ठी आली, काही कळत नाही, परत पाठवा. कार्ड तर पुसलेलं. मग सरांनी चार कार्डांचा बळी दिला, फाइल दुरुस्त करायला एक आठवडा घालवला, आणि अखेर बैठक झाली. मी ठशांचा कागद सगळ्यांसमोर मांडला. सर रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "अडॅप्टर लावल्यावर एकपण नाय?" मी म्हटलं, "एकपण नाही." त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मला जेवढा आनंद होईल असं वाटलं होतं, तेवढा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच म्हणाले, "चल, पाचोडला जायचंय." जीपमध्ये ते ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, गावची लाइट की व्हायरस, हे ठरवताहेत. मुनीराबी मशीनवरच बसल्या होत्या, नाक सुईला टेकेल इतक्या वाकून. फोटो बिघडला म्हटल्यावर त्या ओशाळल्या. "मेरीच गलती है, साहेब. मी हलले असंन. डोळ्याला लई पाणी येत होतं."

सरांना आयुष्यभर जे लागत आलं होतं ते समोरून चालत आलं होतं. चूक आपणहून पदरात घेणारं माणूस. मी त्यांच्याकडे पाहत राहिले.

"नाय, बाई," सर म्हणाले. "तुम्ही हलल्या नव्हत्या. हनुवटी मीच धरली व्हती. वायर मी काढली. फोटो माझ्यामुळं गेला."

कुठली वायर, ते मुनीराबींना काही समजलं नाही. त्यांनी आम्हाला बसायला सांगून पाणी दिलं. त्याच जीपमधून आम्ही त्यांना शहरात आणलं. डावा डोळा वाचला. उजव्यात रक्त उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, शिबिरानंतर लगेच आल्या असत्या तर कदाचित वाचवता आला असता.

महिन्याभरात सरांनी नोकरी सोडली. आता गंगापूरला उसात असतात. पण मुनीराबींची तपासणी असली की जीप करून पाचोडला जातात, त्यांना घेऊन दवाखान्यात येतात, आणि मला फोन करतात. मीही जाते. रांगेत शेजारी बसलेल्या कुणालाही सर आपली चूक सांगत बसतात, कुणी न विचारता, वायरीपासून सगळी. मग माझ्याकडे बोट दाखवतात. "ह्या पोरीनं शोधलं म्हणून. नायतर अजून किती डोळे गेले असते." मुनीराबी डाव्या डोळ्याने माझ्याकडे पाहून दुआ देतात.

मी कधी शोधलं, हे सरांनी एकदाही विचारलेलं नाही. पाचोडच्या शिबिराच्या पाच दिवस आधी, हे मी अजून दोघांनाही सांगितलेलं नाही.