साहेब पाणी पीत नव्हते

रायपुरात मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. कोणाकडची? खुब्याचं हाड मोडून पडलेल्या त्या रेल्वेच्या निवृत्त साहेबांनीही मला तोच विचारला. मी त्यांच्याकडे रात्रपाळीची नर्स होते. पहिल्या रात्री ते मला दीदी म्हणाले, हिंदीत बोलले आणि लघवीचं भांडं बिनदिक्कत मागत राहिले. दुसऱ्या संध्याकाळी मी त्यांच्या बायकोशी, काकूंशी, मराठीत बोलले आणि त्यांनी मान वळवली.

"कोणाची पोट्टी व तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. तुमच्याच ऑफिसात चपराशी होते, म्हटलं. वर, घरातली पहिली पदवीधर मीच, हेही ऐकवलं. ऐकवायचंच होतं मला.

"लय इमानदार माणूस," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्यानंतर भांडं मागणं बंद. दुपारनंतर पाणीच नको. काकू पेला घेऊन मागे लागायच्या, "काहून नाही पीत जी?"

"तहान नाही लागून राहिली."

लघवी गडद झाली, जळजळ सुरू झाली, ताप चढला. डॉक्टर म्हणाले, पाणी गेलं नाही तर भरती करावं लागेल. मग मीच चिडले. "साहेब, यासाठीच तर शिकले मी. यात लाज कसली?"

"तुले नसंल. तुझा बाप माझ्यासमोर कधी खुर्चीवर बसला नाही, अन् तू माझं..." पुढचं त्यांनी गिळलं. "बापाले नको सांगू, बाप्पा."

नाही सांगत, म्हणाले. खोटं होतं ते. घरी चहा पिता पिता मी हसत सांगून बसले होते, बाबा, तुमच्या साहेबांचं भांडं मी धरते. बाबा हसले नव्हते. "असं बोलत नसतेत, पोरी," एवढंच म्हणाले होते. मला वाटलं, जुनी माणसं, घाबरतात.

मी एजन्सीला माझ्या जागी पुरुष पाठवायला सांगितलं. अभनपूरकडचा एक भैया आला. मराठीचा गंध नाही, साहेबांच्या ओळखीतलं कोणी नाही. मी त्याला औषधं समजावून दिली. त्यानं पेला पुढे केला.

"हव भैया," साहेब म्हणाले. पेला हातात घेतला, पण ओठाला लावेनात. मी दाराशी चप्पल घालत होते. मी जायची ते वाट पाहत होते.

मी बाहेर पडून दार ओढून घेतलं.